बचत गटांचे कर्ज आणि वऱ्हाडातील स्त्रियांचे गृहोद्योग : प्रचलित अभ्यासलेखनाची चिकित्सा

सारांश : बचत गटांमुळे ग्रामीण स्त्रियांचे गृहोद्योग वाढले व त्यातून त्यांचे सक्षमीकरण झाले, हे विधान मराठीतील अभ्यासलेखनात जवळजवळ गृहीत धरले जाते. अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांचा संदर्भ समोर ठेवून हे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे. कर्जाची परतफेड हा उद्योगवाढीचा पुरावा ठरू शकत नाही. बचत गटांचे श्रेय अन्यत्र आहे आणि ते नेमकेपणाने सांगणे हे अभ्यासकाचे काम आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : बचत गट, सूक्ष्मकर्ज, गृहोद्योग, परतफेड, वऱ्हाड.

प्रस्तावना

'बचत गट आणि महिला सक्षमीकरण' हा विषय महाविद्यालयीन संशोधनपत्रिकांच्या वाचकांना नवा राहिलेला नाही. अर्थशास्त्र, वाणिज्य, समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र अशा विविध विभागांतील प्राध्यापकांनी तो हाताळला आहे. या लेखांचा एक साचाही तयार झाला आहे. आरंभी बचत गटाची व्याख्या, मग बांगलादेशातील ग्रामीण बँकेचा व प्रा. मुहम्मद युनूस यांचा उल्लेख, त्यानंतर उद्दिष्टे व गृहीतके, गटांची संख्या व वाटप झालेले कर्ज दाखविणारा तक्ता आणि शेवटी 'बचत गटांमुळे महिलांचे सक्षमीकरण झाल्याचे दिसून येते' हा निष्कर्ष. हा निष्कर्ष चूकच आहे असे प्रस्तुत लेखात म्हणावयाचे नाही. तो ज्या पुराव्यावरून काढला जातो त्या पुराव्यातून तो निघत नाही, एवढेच म्हणावयाचे आहे.

हा केवळ संशोधनपद्धतीचा वाद नाही. आपण 'उद्योग वाढला' असे लिहितो, तेव्हा आणखी कर्ज हाच उपाय आहे, असे आपोआप सूचित होते. ज्या स्त्रीने एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढले असेल, तिच्या बाबतीत हे सूचन महागात पडते. म्हणून आपल्या लेखनातील काही गृहीतांची तपासणी आपणच करणे आवश्यक आहे.

उगमकथेची तपासणी

या विषयावरील मराठी लेखांत एक वाक्य वारंवार आढळते. महाराष्ट्रातील पहिला बचत गट १९४७ साली अमरावती जिल्ह्यातील स्त्रियांनी २५ पैशांच्या बचतीतून सुरू केला, असे ते वाक्य. वऱ्हाडातील अभ्यासकाला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे वाक्य क्षणभर थांबून वाचले, तर अडचणी दिसू लागतात. दशमान नाणेपद्धती भारतात १ एप्रिल १९५७ रोजी लागू झाली. तत्पूर्वी रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे होत. १९४७ मधील पंचवीस पैसे म्हणजे सहा आणे व एक पैसा. अशी विचित्र वर्गणी कोणी ठरविली असेल हे संभवत नाही. मूळ हकीकत चार आण्यांची असावी आणि नंतरच्या कोणीतरी तिचे रूपांतर केले असावे, हा त्यातल्या त्यात सरळ अर्थ. शिवाय १९४७ मध्ये अमरावती जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. गाव कोणते, स्त्रिया कोण, गट किती वर्षे चालला आणि त्यातून कर्ज कशासाठी दिले गेले, याविषयी हे वाक्य काहीच सांगत नाही.

मूळ घटना खोटी आहे असा याचा अर्थ नाही. भिशीची प्रथा आपल्याकडे जुनी आहे आणि स्त्रियांनी चार आणे जमवून एकमेकींची नड भागविली असणे पूर्णपणे शक्य आहे. मुद्दा असा की, ज्या भूमीतील ही घटना सांगितली जाते त्याच भूमीतील अभ्यासकांनीही तिचा शोध न घेता ती पुढे पाठविली. एका लेखातील वाक्य दुसऱ्या लेखाचा आधार झाले आणि पुनरुक्तीलाच पुराव्याचे रूप आले. उगमाच्या बाबतीत जे घडले, तेच परिणामांच्या बाबतीतही घडलेले दिसते.

दोन भिन्न व्यवस्थांची सरमिसळ

परिणामांकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेऊन बचत गट व बँका यांची जोडणी सुरू केली. १ एप्रिल १९९९ पासून स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली. २०११ मध्ये तिची जागा राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने घेतली आणि महाराष्ट्रात ते 'उमेद' या नावाने ओळखले जाऊ लागले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने म्हणजे 'माविम'ने २००७ पासून आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने 'तेजस्विनी' कार्यक्रम राबविला व गटांच्या आधारासाठी लोकसंचालित साधन केंद्रे उभी केली. या सर्व प्रवाहांचे सूत्र एकच आहे : आधी बचत, मग अंतर्गत कर्जव्यवहार, मग बँकेचे कर्ज. व्याजाचा काही भाग गटाकडेच राहतो आणि कोणाला किती द्यायचे हे सभासद ठरवितात.

याहून वेगळी व्यवस्था सूक्ष्मवित्त कंपन्यांची आहे. तेथे बचत नसते. पाच-दहा स्त्रियांचा संयुक्त जबाबदारीचा गट करून कंपनी थेट कर्ज देते आणि तिचा प्रतिनिधी आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला वसुलीस येतो. एकीचा हप्ता चुकला तर इतरजणींनी तो भरावा, अशी अपेक्षा असते. गावात मात्र दोन्हींना 'गट' असेच म्हणतात आणि पुष्कळदा एकच स्त्री दोन्हींची सभासद असते. प्रश्नावली घेऊन गेलेल्या अभ्यासकाने 'आपण गटातून कर्ज घेतले आहे काय?' एवढेच विचारले, तर उत्तरात कोणते कर्ज आले हे त्यालाही कळत नाही. परिणामी एका व्यवस्थेचे गुण दुसरीच्या नावावर जमा होतात आणि दोषांचेही तसेच होते.

या भेदाची किंमत आपल्या प्रदेशाने पाहिली आहे. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या वसुलीवरून संकट उद्भवले, त्या राज्याला अध्यादेश काढावा लागला आणि मालेगाम समितीच्या २०११ मधील अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पुढे नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीनंतर विदर्भाच्या काही जिल्ह्यांत सूक्ष्मवित्ताच्या वसुलीविरुद्ध स्त्रियाच रस्त्यावर आल्या. ज्यांना आपण 'लाभार्थी' म्हणत होतो, त्या कर्जमाफी का मागत आहेत, हा प्रश्न त्या वेळी आपल्या लेखनाला पडावयास हवा होता.

परतफेड म्हणजे उद्योगवाढ नव्हे

प्रचलित लेखनातील मध्यवर्ती युक्तिवाद असा असतो : स्त्रियांनी कर्ज घेतले, ते वेळेवर फेडले, म्हणजे त्यांचा उद्योग यशस्वी झाला. या युक्तिवादात एक पायरी गाळलेली आहे. परतफेड उद्योगाच्या नफ्यातून झाली की अन्य कोठून, हे विचारलेलेच नसते.

वऱ्हाडातील ग्रामीण कुटुंबाच्या पैशाचे वेळापत्रक लक्षात घेतले, तर ही पायरी किती महत्त्वाची आहे हे कळते. मृग लागला की बियाणे, खते व निंदणाच्या मजुरीसाठी पैसा बाहेर जातो. आषाढ-श्रावणात घरात रोकड नसते. सोयाबीन साधारण दसऱ्याच्या सुमारास हाती येते आणि कापसाची वेचणी तेव्हापासून पुढे काही महिने चालते. वेचणी हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम असून तिची मजुरी किलोमागे मिळते. स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा येण्याचा हाच मुख्य हंगाम. पापड, कुरड्या, शेवया, मुंगवड्या, तिखट यांचा धंदा मात्र फाल्गुनापासून वैशाखापर्यंतच्या उन्हावर अवलंबून असतो. हप्ता या दोन्ही वेळापत्रकांना जुमानत नाही. तो बाराही महिने सारखाच असतो. अशा स्थितीत श्रावणातला हप्ता पापडाच्या नफ्यातून भरला गेला असे मानणे कठीण आहे. तो निंदणाच्या मजुरीतून, शेळी विकून, नवऱ्याकडून किंवा दुसऱ्या गटातून उचल घेऊन भरला गेला असण्याची शक्यता अधिक. तक्त्यात मात्र तो 'नियमित परतफेड' या रकान्यात जातो.

व्याजाच्या हिशेबातही हीच ढिलाई दिसते. उदाहरणादाखल, दहा हजार रुपयांचे कर्ज 'सरळ बारा टक्के' दराने एका वर्षासाठी दिले आणि परतफेड बारा समान मासिक हप्त्यांत घेतली, असे समजू. स्त्री वर्षभरात ११,२०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ९३३ रुपये भरते. पण पूर्ण दहा हजार रुपये तिच्याकडे पहिलाच महिना असतात. नंतर मुद्दल घटत जाते. घटत्या शिलकीवर काढल्यास हाच दर वार्षिक २१ ते २२ टक्क्यांच्या घरात जातो. गटांतर्गत कर्जावर शेकडा दोन रुपये महिना हा दर तर अनेक ठिकाणी रूढ आहे. तेथे निदान व्याज गटाच्याच निधीत जमा होते. एखाद्या गृहोद्योगाने हे व्याज, कच्चा माल आणि स्त्रीच्या दिवसभराच्या श्रमाची किमान मजुरी वजा जाता काही शिल्लक टाकली, तरच तो वाढला असे म्हणता येईल. आपल्या बहुतेक लेखांत या तीन वजाबाक्यांपैकी एकही केलेली नसते. विशेषतः श्रमाची मजुरी शून्य धरली, तर कोणताही धंदा नफ्यात दाखविता येतो.

कर्ज तिच्या नावे, पैसा कोणाच्या हाती?

कर्ज स्त्रीच्या नावे निघाले, म्हणजे ते तिने वापरले, हे दुसरे गृहीत. अ‍ॅन मारी गोएट्झ व रीना सेन गुप्ता यांनी १९९६ मध्येच बांगलादेशातील अभ्यासातून दाखवून दिले होते की, स्त्रियांच्या नावे दिलेल्या कर्जांपैकी लक्षणीय भागावर प्रत्यक्षात पुरुष नातेवाइकांचे नियंत्रण होते. २०१९ मध्ये भारत, श्रीलंका व घाना येथील माहितीचे फेरविश्लेषण प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या उद्योगांना भांडवलाचा परतावा कमी मिळतो, या समजुतीमागचे कारण स्त्रियांची अकार्यक्षमता हे नसून त्यांना मिळालेले भांडवल अनेकदा पतीच्या धंद्यात जाते हे आहे, असे त्यातून पुढे आले. घरात उद्योग करणारी ती एकटीच असेल, तेथे हा फरक उरत नाही.

हा निष्कर्ष आपल्याकडे लावून पाहताना एक सावधगिरी हवी. कापूस पिकविणाऱ्या कोरडवाहू घरात शिलाई यंत्राचे कर्ज बियाण्याकडे वळले, तर तो नेहमीच पुरुषी दडपणाचा परिणाम असेल असे नाही. पेरणी चुकली तर सर्व घराचेच वर्ष बुडते, हे त्या स्त्रीला कोणाहूनही अधिक कळते. तिचा निर्णय शहाणपणाचाच असू शकतो. परंतु मग त्या कर्जाला 'महिला गृहोद्योग कर्ज' म्हणणे बंद करावे लागेल. ते शेतीच्या तुटीचे कर्ज आहे. फक्त सही तिची आहे. पुढे पीक बुडाल्यास फरक उघड होतो. राज्याच्या २०१७ व २०१९ च्या कर्जमाफी योजना शेतकऱ्याच्या शेतीकर्जासाठी होत्या. त्याच घरातील स्त्रीने शिलाई यंत्राच्या नावाने घेतलेले व शेतात गेलेले कर्ज त्यांच्या कक्षेत येत नव्हते. अमरावती, अकोला यांसह पश्चिम विदर्भातील आणि वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी २००५ मध्ये राज्याने व २००६ मध्ये केंद्राने विशेष उपाययोजना जाहीर केल्या, त्या चर्चेतही केंद्रस्थानी कर्जदार म्हणून पुरुष शेतकरीच होता.

शासकीय व्याख्याही या गोंधळात भर घालतात. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्मवित्त कर्ज होय आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत. 'लखपती दीदी' ही संकल्पनाही वार्षिक एक लाख रुपये किंवा अधिक कौटुंबिक उत्पन्नावर आधारलेली आहे. म्हणजे गौरव दीदीचा आणि मोजणी घराची. नवरा व मुलगा यांच्या मजुरीने घर लाखावर गेले, तरी किताब तिला मिळतो. तिच्या स्वतःच्या धंद्याने काय मिळविले, हे त्यातून कळत नाही. अभ्यासकाने ही व्याख्या जशीच्या तशी उचलली, तर त्याच्या निष्कर्षातही तीच संदिग्धता उतरते.

कष्टांची उणीव नव्हती

या लेखनात आणखी एक सूर असतो. ग्रामीण स्त्री 'चूल आणि मूल' यांत अडकलेली होती, बचत गटाने तिला प्रथमच अर्थार्जनाकडे आणले, असा तो सूर. वऱ्हाडच्या संदर्भात तो टिकत नाही. उद्धव ज. शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीच्या वाचकाला हे निराळे सांगावयास नको. शिंपी कुटुंबातील कौतिक घर सावरण्यासाठी अखंड राबते. तिच्या जिद्दीला, हिशेबी वृत्तीला किंवा श्रमाला कोठेही कमतरता नाही. तरीही त्या श्रमांतून भांडवल साचत नाही, कारण प्रत्येक वेळी मिळविलेले आजच्या गरजेतच संपते. कादंबरी हा सांख्यिकीय पुरावा नव्हे. पण वऱ्हाडातील स्त्री उद्योगी नव्हती म्हणून गरीब राहिली, हे गृहीत कोठे चुकते ते कौतिकच्या कहाणीतून स्पष्ट दिसते. उणीव उद्योजकतेची नव्हती. मिळविलेले टिकविण्याच्या साधनांची होती. कर्ज हे त्यांपैकी एकच साधन आहे, आणि तेही उलटू शकणारे.

शेतकरी महिला आघाडीने चांदवडच्या १९८६ मधील अधिवेशनानंतर जी दिशा घेतली, ती या दृष्टीने स्मरणीय आहे. पुढील लक्ष्मीमुक्ती मोहिमेत पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचा आग्रह होता. तेथे स्त्रीकडे मालमत्ता यावी अशी मागणी होती. सूक्ष्मकर्जाच्या विचारात तिच्याकडे प्रथम देणे येते. हा फरक आपल्या सक्षमीकरणविषयक लेखांत फारसा चर्चिला जात नाही.

बाजारपेठेचा प्रश्न

गृहोद्योग वाढण्यासाठी भांडवल हीच मुख्य अडचण आहे काय, हेही तपासले पाहिजे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली आणि त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड उभे राहिले, ही कथा बचत गटांच्या प्रशिक्षणात आवर्जून सांगितली जाते. तिचे तात्पर्य मात्र बहुधा '८० रुपयांतून एवढे झाले' असे काढले जाते. खरे पाहता कर्ज हा त्या कथेतील सर्वांत लहान भाग आहे. पीठ एकाच ठिकाणी मळले जाते, स्त्रिया ते घरी नेऊन लाटतात, दर्जा एकसारखा राखला जातो, विक्री एका नावाखाली होते आणि सभासद या मालक मानल्या जातात. लाटणाऱ्या स्त्रीला ग्राहक शोधावा लागत नाही व स्वतंत्र कर्जही काढावे लागत नाही.

याउलट आपल्या गावांतील दहा गट एकाच महिन्यात तेच पापड, तेच लोणचे व तेच तिखट तयार करतात आणि ते विकत घेणाऱ्या घरांतही हेच पदार्थ त्याच दिवसांत होत असतात. प्रदर्शनात चार दिवस विक्री होते. नंतर माल नात्यागोत्यांत खपवावा लागतो. अशा ठिकाणी कर्जाची रक्कम दुप्पट केल्याने ग्राहक दुप्पट होत नाहीत. दूरच्या ग्वाटेमालातील माया स्त्रियांच्या हातमागाच्या विणकामासाठीही लघुकर्जाच्या योजना राबविल्या गेल्या, आणि कापड विकावयाचे कोठे, हा प्रश्न तेथेही उभा राहतोच.

कर्ज उपयोगी पडल्याची उदाहरणेही आहेत आणि ती बोलकी आहेत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, तेव्हा मुंबईच्या गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांचा धंदा आधीपासून चालू होता आणि गिरणी कामगार हे त्यांचे ठरलेले ग्राहक होते. उणीव होती ती सावकाराच्या विळख्यातून सोडविणाऱ्या बँककर्जाची. ते मिळताच फरक पडला. हैदराबादेत अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, रेचेल ग्लेनर्स्टर व सिंथिया किन्नन यांनी केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच्याशी जुळणारा आहे. सूक्ष्मकर्जाने आधीपासून चालू असलेल्या धंद्यांत गुंतवणूक वाढली. परंतु घरखर्चाची पातळी, शिक्षण, आरोग्य व स्त्रियांचे निर्णयस्वातंत्र्य यांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षी भारतासह सहा देशांतील अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्याचाही सूर हाच होता : परिणाम माफक, कायापालट नाही. मेळघाटातील लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राचे उदाहरण आणखी एक बाजू दाखविते. तेथे आरंभ कर्जापासून नव्हे, तर कौशल्य आणि परिसरातील कच्चा माल यांपासून झाला.

बचत गटांचे खरे श्रेय

वरील चिकित्सेवरून बचत गट निरुपयोगी ठरतात असा निष्कर्ष कोणी काढल्यास तो अन्यायाचा होईल. अकस्मात आलेल्या आजारपणात, मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी किंवा पेरणीच्या तोंडावर दाराशी मिळणारे दोन-चार हजार रुपये ही लहान गोष्ट नव्हे. पूर्वी याच कामासाठी भांडी किंवा डोरले गहाण पडत असे. सावकाराकडे जाण्याऐवजी स्वतःच्याच बचतीतून उचल घेता येणे, बँकेच्या खिडकीशी उभे राहून स्वतःच्या सहीने व्यवहार करणे, महिन्यातून एकदा घराबाहेर बसून हिशेब वाचणे, दारूबंदीच्या ठरावासाठी ग्रामसभेत हात वर करणे, ही सारी गटांची कमाई आहे. संत गाडगे महाराजांनी याच भूमीत आयुष्यभर कीर्तनांतून कर्ज काढून सणवार व लग्नकार्ये करू नका, असे बजावले. काटकसरीतून आलेली सुरक्षितता हे मूल्य वऱ्हाडच्या मातीला परके नाही, आणि बचत गटातील 'बचत' त्या परंपरेशी सहज जुळते.

म्हणजे गटांनी जे दिले त्याचे नाव संरक्षण आहे. आपण त्याला उद्योगवाढ म्हणतो. नावाचा हा फरक किरकोळ नाही. संरक्षण हे साध्य मानले, तर बचतीचा दर, तातडीच्या उचलीची सोय, हप्त्याची लवचीकता आणि गटाच्या निधीची सुरक्षितता यांना महत्त्व येते. उद्योगवाढ हे साध्य मानले, तर कर्जाची रक्कम व वाटपाचे उद्दिष्ट यांना. धोरणाची भाषाही याच दिशेने सरकली आहे. 'तेजस्विनी'च्या अधिकृत नावात सक्षमीकरण हा शब्द होता. 'नव तेजस्विनी'च्या नावात उद्यम विकास आला. या बदलाचे स्वागत करावयाचे असेल, तर ग्राहक, दर्जा, साठवण व हंगाम यांची तजवीज कर्जाच्या आधी झाली आहे काय, हे विचारण्याचे काम अभ्यासकाचेच आहे.

अभ्यासाची दिशा

मग आपल्या लेखनात काय बदलावे? एका भेटीत भरलेल्या प्रश्नावलीऐवजी थोड्याच गृहोद्योगांची वर्षभराची नोंद ठेवणे अधिक उपयुक्त ठरेल. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बहुतेक महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक असते व त्याचे एखादे दत्तक गाव असते. तेथील दहा स्त्रियांच्या धंद्याची दरमहा नोंद विद्यार्थिनींच्या मदतीने ठेवणे अशक्य नाही. कच्चा माल किती रुपयांचा आला, किती तास काम झाले, माल कोणी घेतला, पैसे केव्हा मिळाले, हप्ता कोणत्या पैशातून गेला आणि शिल्लक कोणाच्या हाती राहिली, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. एकाच घरात किती ठिकाणची कर्जे चालू आहेत, हेही विश्वास संपादन करून विचारले पाहिजे. नमुना लहान असल्याने त्यावरून जिल्ह्याविषयी विधान करता येणार नाही. पण ज्या दहा घरांविषयी विधान केले जाईल ते खरे असेल. गट सोडून गेलेल्या व हप्ता थकलेल्या स्त्रियांनाही त्यात स्थान असावे. आज त्यांची नावे यादीतून गेलेली असतात, म्हणून त्या आपल्या तक्त्यांतूनही गेलेल्या असतात.

समारोप

बचत गटांविषयी आपण पुष्कळ लिहिले. स्त्रियांच्या हिशेबाविषयी थोडे. परतफेडीच्या आकड्यावरून उद्योगवाढ, सहीवरून नियंत्रण आणि कौटुंबिक उत्पन्नावरून स्त्रीचे उत्पन्न अनुमानित करण्याची सवय सोडली, तर बचत गटांचे श्रेय कमी होणार नाही. ते जेथे आहे तेथे दिसू लागेल. आणि ज्या स्त्रीच्या घरात तीन ठिकाणचे हप्ते चालू आहेत, तिला चौथे कर्ज 'सक्षमीकरण' म्हणून सुचविण्याची जबाबदारी निदान आपल्या लेखांवर येणार नाही.

अमरावती जिल्ह्यातील त्या पहिल्या गटाचा शोधही अजून व्हावयाचा आहे. एखाद्या घरी जुनी वही असेल, एखाद्या कुटुंबात आजीने सांगितलेली आठवण असेल. ती सापडेपर्यंत पंचवीस पैशांचे ते वाक्य पुढच्या लेखात उतरवून न घेणे, एवढे तर आपल्याला करता येईल.